सातव्या खेपेचं खोटं

शांतव्वाशी बोलायचं तर तिच्या उजव्या अंगाला बसावं लागे. डाव्या अंगाला ढोल बडवला तरी तिला पत्ता नसायचा. शुक्रवार पेठेतल्या तिच्या दुकानात नवा माणूस आला की ती स्वतःच सांगायची, "पावणं, हिकडनं बोला. तिकडचं दार बंद हाय." लोक हसत, तीही हसायची. ते दार कुणी बंद केलं, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

बंद केलं होतं तिच्या नवऱ्यानं, ईरप्पानं. माणूस बायंडर म्हणून पेठेत एक नंबर. नवरा म्हणून, काय सांगायचं, कसाई परवडला. कसाई निदान एकदाच मारतो. पुस्तकाच्या पाठीला गोलाई आणायला लाकडी हातोडा लागतो, तो ह्या बहाद्दरानं बायकोच्या पाठीवर चालवला. कानावर बसला त्या दिवशी कारण काय, तर आमटीत मीठ जास्त झालं. गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावातनं सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही बाई बावीस वर्षं मार खात होती आणि बावीस वर्षं दवाखान्यात सांगत होती, "पाय घसरला." ब्याण्णव साली ईरप्पा दारू पिऊन पिऊन मेला. त्याला माती देऊन घरी आल्यावर शांतव्वानं तो हातोडा चुलीत घातला, त्याच जाळावर चहा ठेवला आणि दोन कप प्याली. नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत.

मग दुकान तिनंच चालवलं. बघून बघून हात बसलेलाच होता. लोक पुस्तकं बांधायला टाकून जायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. ती पुस्तकं शांतव्वा शिवता शिवता वाचायला लागली. आधी बोट ठेवून, मग सुसाट. दहा वर्षांत चारशे पुस्तकं साठली आणि बायंडिंगच्या दुकानाचं निम्मं वाचनालय झालं.

त्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी शांतव्वा एक कोरं पान जास्तीचं घालायची. मधोमध रेघ. एका अंगाला गुण, दुसऱ्या अंगाला दोष. वाचणाऱ्यानं दोन्हीकडं एकेक ओळ लिहायची, त्याशिवाय पुढचं पुस्तक मिळायचं नाही. हे पान ती चिकटवायची नाही, बाकीच्या पानांबरोबर दोऱ्यानं शिवायची. म्हणजे कुणाला झोंबलं तरी फाडता येऊ नये. फाडलं तर अख्खं पुस्तक खिळखिळं व्हायचं. ही रीत पुढं तिच्याच अंगाशी आली.

दोन हजार तीन साली, संक्रांतीच्या सुमाराला, भूमिका पाच जाडजूड वह्या घेऊन आली. कापडवाल्याची मुलगी, वीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. नववीत असल्यापासून दुकानात येणारी. शांतव्वाला अव्वा म्हणायची आणि मुद्दाम डाव्या कानापाशी कुजबुजून तिला चिडवायची.

"अव्वा, कादंबरी लिहिलीय. बांधून द्या. शार्दूलला वाढदिवसाला द्यायचीय."

शार्दूल म्हणजे तिचा होणारा नवरा. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. आईबाप दोघं शिक्षक. जातीबाहेरचा म्हणून भूमिकाच्या बापानं सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीनं जेवण सोडलं, तेव्हा कुठं बाप वाकला. वैशाखातली तारीख धरली होती.

वह्या देताना बांगड्या मागं सरकल्या आणि मनगटावर चार निळी बोटं दिसली.

"हे काय गं?"

"दारात सापडला हात."

शांतव्वानं वह्या घेतल्या. ते दार तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

कादंबरी तिनं तीन दिवसांत वाचली. नाव 'शेवटची गारगोटी'. ऋता नावाची अठरा वर्षांची मुलगी स्टँडवरून गारगोटी गावाची शेवटची एसटी पकडते, डुलकी लागते, आणि उतरते ती थेट एकोणीसशे एकसष्ट सालात. तिथं तिला शशिधर नावाचा तरुण मास्तर भेटतो. प्रेम जमतं. हे सगळं वाचताना शांतव्वाला लई मजा आली. पोरीनं न बघितलेलं गाव असं उभं केलं होतं, की टांग्याच्या घोड्याचा वास यावा. पहिल्यांदा हात धरतात ते पान तर तिनं दोनदा वाचलं, आणि मग उगाच इकडंतिकडं बघितलं.

नवव्या प्रकरणात शशिधर ऋताच्या थोबाडीत मारतो. का, तर ती टांगेवाल्याशी हसून बोलली.

ऋता काय करते? गाडी पकडून आदला दिवस गाठते. आता ती हसत नाही. तो मारतो, का तोंड पाडून बसलीस म्हणून. ती परत मागं जाते. साडी बदलते. मान खाली घालते. लवकर येते, उशिरा येते. प्रत्येक खेपेला मार ठरलेला. आणि सातव्या खेपेला, ऋता अगदी बरोबर वागते म्हणून, त्याचा हात वरच्या वर थांबतो. तो रडतो, ती रडते, लग्न होतं, कादंबरी संपली.

शांतव्वाच्या हातातली सुई थांबली. अरे देवा! बावीस वर्षं ती हीच गाडी पकडत होती की. मार खाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि मनातल्या मनात तो दिवस पहिल्यापासून जगायचा. मीठ चिमूटभर कमी घातलं असतं तर. दिराच्या बोलण्यावर हसले नसते तर. त्या गाडीला सातवी खेप नव्हती. सातशे खेपा झाल्या तरी हातोडा यायचा तो यायचाच.

आता शहाण्या बाईनं काय करावं? पोरीला जवळ घ्यावं आणि कानात सांगावं. पण नाही! दुकानाची रीत ना! तिनं दौत ओढली आणि शेवटच्या पानावर लिहायला बसली.

गुणाच्या अंगाला लिहिलं: "गाडीची कल्पना झकास. जुना काळ डोळ्यापुढं उभा राहतो. लाजणं लिहावं तर ह्या पोरीनं. मार खाल्ल्यावर बाई मागं मागं जाऊन दिवस दुरुस्त करत बसते, हे तर इतकं खरं, की मला वाचवेना."

दोषाच्या अंगाला लिहिलं: "सगळी माणसं पुस्तकी बोलतात. पोरगी महिना महिना गायब, पण तिची आई शोधत नाही, असं कुठं असतंय? आधी गाडी अमावास्येलाच मागं जाते, नंतर लेखिकेला लागेल तेव्हा जाते. शशिधरला डोळे आणि राग सोडून काही दिलेलं नाही. आणि सातव्या खेपेला हात थांबला, हे धादांत खोटं आहे. बाईच्या चांगलं वागण्यानं तो हात थांबत नसतो. लिहिणारीच्या मनगटावर चार वळ मी बघितलेत. हा शशिधर कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो असा माझा संशय आहे. पोरी, लग्न मोड. शांतव्वा."

आणि पान शिवून टाकलं. पक्कं, दुहेरी दोऱ्यानं.

वाटलं, भूमिका आधी स्वतः उघडून बघेल. पण पोरगी घाईत होती. रंगीत कागदात गुंडाळून पुस्तक तसंच शार्दूलच्या हातात गेलं. आणि न वाचणाऱ्या माणसाची एक खोड असते, तो शेवटचं पान पहिल्यांदा उघडतो.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी एकला, पेठ जेवायला बसली होती. शार्दूल दुकानात शिरला. मागनं भूमिका, ओठ फुटलेला, ओढणीवर रक्त. त्यानं शटर निम्मं खाली ओढलं.

"ए म्हातारे, हे तू लिहिलंस?"

"सही हाय की खाली."

त्यानं पहिलं कपाट उपडं केलं. मग दुसरं. पुस्तकं पायाखाली घेऊन पाठी तोडल्या, पानं भिरकावली. शांतव्वा आडवी गेली तर तिच्या झिंज्या धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. भुवईपासून हनुवटीपर्यंत रक्त आलं.

"नवं पान घाल. दोष काही नाही, असं लिही. माफी माग."

"कादंबरी वाचलीस का रे, मुडद्या?"

"नाही."

"मग तुला रे काय कळणार तिच्यातलं!"

टेबलाच्या कडेला पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस होता. वर चाक, चाक फिरवलं की पाटा खाली येतो. शार्दूलनं तिचा उजवा हात त्यात कोंबला आणि चाक फिरवलं. एक आटा, दोन आटे. बोटांची हाडं कडाकडा वाजली. शांतव्वा गुरासारखी ओरडली.

"लिहितीस का?"

"फिरीव! अजून फिरीव!"

तेव्हा भूमिका पुढं आली. रडत रडत तिच्या उजव्या कानापाशी वाकली. शांतव्वाला वाटलं, आली पोरगी. आता चाक उलटं फिरवील.

"अव्वा, लिहा की हो! एक ओळ लिहा. तो लगेच शांत होतो. मला माहीत आहे त्याचं. आपणच चिडवलं त्याला."

हाताची कळ बरी, असं झालं शांतव्वाला. तिचा डावा हात टेबलावर चाचपडत होता. पुठ्ठ्याला भोकं पाडायचा दाभण हाताला लागला. चाकावर शार्दूलचा पंजा होता. तिनं दाभण उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्या पंज्यात घातला. मुठीपर्यंत. पलीकडनं टोक निघालं. शार्दूल किंचाळला, गुडघ्यावर आला, आणि शांतव्वानं दाभण आत असतानाच एक पीळ दिला. हा ईरप्पाच्या वाट्याचा, असं ती मोठ्यानं म्हणाली.

भूमिका धावली. धावली ती शार्दूलकडं. ओढणी सोडून त्याच्या हाताला गुंडाळली, त्याचं डोकं छातीशी धरलं. प्रेसचं चाक शांतव्वानं एकटीनं, डाव्या हातानं, उलटं फिरवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?" शेजारी पोलीस वही घेऊन उभा होता. बावीस वर्षं पाय घसरवणारी शांतव्वा पहिल्यांदा खरं बोलली. "ह्या शार्दूलनं मोडला. ही पोरगी साक्षीला हाय. विचारा."

भूमिका पलीकडच्या खाटेपाशी त्याचा बांधलेला हात धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही. "मशीनमध्ये सापडला अव्वांचा हात. सोडवताना ह्यांना दाभण लागला. मी तिथंच होते."

शांतव्वाची दोन बोटं काढावी लागली. वैशाखात लग्न झालं, ठरल्या तारखेला, वाजतगाजत.

पुढची दोन वर्षं तिनं डाव्या हातानं शिवायला शिकण्यात घालवली. फाडलेली पुस्तकं एकेक करून पुन्हा बांधली. टाके वाकडे पडायचे, शिव्या देत उसवायची, परत घालायची. आणि दुपार झाली की मनात सुरू व्हायचं, कानात सांगितलं असतं तर. सही केली नसती तर. एक दिवस तिचं तिलाच कळलं, की बाई, तू परत गाडीत बसलीस. तिनं स्वतःला कचकचीत शिवी हासडली आणि सुईत दोरा ओवला. तरी डोळा दाराकडं जायचा तो जायचाच.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर, दुपारीच, दारात भूमिका उभी राहिली. गालफडं बसलेली, डोळ्याखाली जुना पिवळा पडलेला वळ, बगलेत 'शेवटची गारगोटी'.

"ये, बस," शांतव्वा म्हणाली.

भूमिका हलली नाही. बाजूच्या कपाटाकडं बघत राहिली.

"अगं ये की!"

मग तिला हालचाल दिसली असावी. तिनं मान वळवली, उजवा कान पुढं केला. "काय म्हणालात? हिकडनं बोला, अव्वा. तिकडनं ऐकू येत नाही आता."

शांतव्वा उठली, वळसा घालून पोरीच्या उजव्या अंगाला गेली, तिला बाकावर बसवलं आणि तिच्याकडं तोंड करून बसली.

भूमिकानं पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण तिनंच फाडून काढलं होतं. त्या जागी सुटी चार पानं. "हे शिवायचंय. ह्यात आठवी खेप आहे. ऋता गाडीत बसते, पण त्या दिवसाला उतरतच नाही."

"तो येईल मागं."

"येईल. अर्ध्या तासात येईल."

"मग बस. मला आता एका हातानं लई वेळ लागतो. तू भोकं पाड, मी शिवते." आणि तिनं दाभण पोरीच्या हातात दिला.

तिसरं भोक पडत होतं तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली. शार्दूल दारात आला. "चल घरी," एवढंच म्हणाला. भूमिका उठली. शांतव्वाला वाटलं, चालली परत. पण पोरगी त्याच्या अंगावरून पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

"अव्वाचा हात मशीननं मोडला नाही, ह्यानं मोडला! माझा कान ह्यानं फोडला! दवाखान्यात मी खोटं बोलले होते, पोलिसांपुढं खोटं बोलले! चला, आता खरं सांगते!"

गिरणीतला आण्णा पिठानं पांढराफटक, तसाच बाहेर आला. त्याच्या मागनं दळणाच्या बाया आल्या. शार्दूलनं हात उगारला. भूमिका मागं सरली नाही, दाभण तिच्या मुठीत तसाच होता. तो हात वर थांबला खरा, पण ती चांगली वागली म्हणून नव्हे. आण्णानं मागनं त्याची गचांडी धरली आणि बायांनी त्याला चौकीपर्यंत चपलांनी मारत नेला.

जबाब देऊन दोघी परत आल्या तेव्हा चार पानं शिवायची राहिलीच होती. शिवली. मग शांतव्वानं शेवटचं पान उघडून, आपल्याच जुन्या अक्षराखाली, डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं.

गुण: "आठवी खेप खरी आहे."

दोष: "दोन बोटं आणि एक कान, एवढा उशीर झाला."