चाकांवरचे लाल ठिपके

कल्पना करा, तुमच्यासमोर जाडजूड लाकडी टेबलावर एक तोफ उभी आहे. बुरुजावरची नव्हे, दोन हातांनी उचलून गाडीच्या डिकीत ठेवता येईल एवढी. पण खेळणंही नव्हे. तिच्या नळीत आधी दारू ओतायची. मग उरलेली पोकळी भरायला वर रवा, हो, स्वयंपाकघरातलाच. मग तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने दाबून बसवायची. तोफेमागे वाकून, एक डोळा मिटून, पन्नास मीटरवरच्या कागदातला काळा गोल पकडायचा आणि वात टेकवायची. तोफ झटक्याने मागे सरकते, वाळूच्या पिशवीवर आपटते. धूर विरेपर्यंत काही दिसत नाही. मग दुर्बीण लावावी, तर गोळी गोलाच्या डावीकडे हातभर लांब.

तुम्ही सगळं पुन्हा अगदी तसंच करता. या खेपेला ती उजवीकडे जाते.

एग्बेर्ट त्साइटलर वसंतापासून हेच करत होता.

बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, जुन्या दगडखाणीतल्या मैदानावर, त्याच्या क्लबची मंडळी दर रविवारी जमतात. एग्बेर्ट जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. तोफेची पितळी नळी त्याने स्वतः कातली होती, गाडा स्वतः जोडला होता, चाकांवर लोखंडी पट्टीच्या धावा स्वतः चढवल्या होत्या. नेम त्याचा आणि भरणं बायकोचं, वाल्बुर्गाचं. सगळे तिला बुर्गी म्हणत. क्लबचा नियमच आहे, तोफेपाशी दोन माणसं हवीत. एकट्याने भरून एकट्याने डागायची नाही. त्या दोघांच्या गोळ्यांची भोकं एका कॉफीच्या बशीखाली झाकली जायची.

मागच्या हिवाळ्यात बुर्गी गेली. वसंतात मैदान उघडलं तेव्हा एग्बेर्ट तोफ घेऊन आला, आणि तिच्या जागी क्लबचा अध्यक्ष क्विरिन उभा राहिला. क्विरिन निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं घरोघर गप्पा मारलेला माणूस, भरतानाही त्याचं तोंड बंद नसे.

"रवा किती घालू रे? डंप्लिंगला घालतात तेवढा?"

"माप तिथे ठेवलंय."

"बुर्गी मापाने घालायची?"

"हो."

"मग मीही मापानेच घालतोय. माझ्याकडे असा बघू नकोस."

एग्बेर्टला काही क्विरिनची चूक सापडली नाही. त्याने दारू बदलली, रवा जाडा घेतला, मग बारीक घेतला. कापड बदललं. गोळ्या वजन करून निवडल्या. नळीत प्रकाश टाकून आतून पाहिलं, ओरखडासुद्धा नव्हता. आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. दारू कमीजास्त झाली तर गोळी वरखाली जाते. त्याच्या गोळ्या वरखाली जातच नव्हत्या. एका ओळीत, पण नुसत्या डावीउजवीकडे. म्हणजे दारूचा दोष नाही. म्हणजे नेमाचा. म्हणजे त्याच्या डोळ्यांचा, नाहीतर हातांचा.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? सोमवार ते शनिवार तो बोलायचा तो बेकरीतल्या बाईशी, आणि तेही "नेहमीचा पाव" एवढंच. संध्याकाळी पाव, चीज, काकडीचं लोणचं. समोरची खुर्ची आत सरकवलेली. त्या खुर्चीवर तो कधी बसत नसे, तिच्यावर काही ठेवतही नसे. रविवार तेवढा माणसांत जायचा. आणि रविवार म्हणजे तोफ.

उन्हाळा सरता सरता त्याने क्विरिनला गाठलं. "शरदातली स्पर्धा झाली की तोफ क्लबला देतो. ठेवा तुमच्या काचेच्या कपाटात."

"आणि तू?"

"मी काय करू? मला दिसत नाही आता नीट."

"मागच्या रविवारी माझ्या शर्टावरचा मोहरीच्या सॉसचा डाग तुला पन्नास पावलांवरून दिसला होता."

"तो डाग आंधळ्यालाही दिसला असता."

क्विरिन हसला नाही. "तोफ कपाटात गेली तर तूही यायचा नाहीस, एग्बेर्ट. मला ठाऊक आहे."

 खरंच होतं ते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने तोफ स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. द्यायचीच आहे तर चकचकीत करून देऊ. त्याच्या खुर्चीकडे अंधार होता. ऊन पडलं होतं ते बुर्गीच्या बाजूला. तो थोडा वेळ फडकं हातात धरून उभा राहिला. मग तिची खुर्ची ओढली आणि बसला.

तो आयुष्यभर तोफेच्या मागे उभा राहिला होता. बाजूने, एवढ्या खालून, त्याने ती कधी पाहिली नव्हती. डाव्या चाकाच्या एका आऱ्यावर, कडेला, लाल ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याने तोफ फिरवली. उजव्या चाकावरही एक.

नेलपॉलिश. बुर्गी नखं कधीच रंगवत नसे.

त्याने ठिपके वर येतील अशी चाकं फिरवली आणि खाली पाहिलं. काहीच नाही. मग ठिपके खाली नेले. धावेचा सांधा, जिथे त्याने लोखंडाची पट्टी वळवून टोकं जोडली होती, तो ठिपक्याच्या अगदी विरुद्ध टोकाला, वर आला. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. तळघरातून मोजायचा डायल आणला आणि चाक सावकाश फिरवलं. सांध्यापाशी काटा हलला. केसाएवढा सपाटपणा. दोन्ही चाकांना.

एग्बेर्टने मनात जुळवून पाहिलं. चाक त्या सपाट जागेवर टेकलं असेल, तर तोफ उडताना ते क्षणभर अडतं. दुसरं सुटतं. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच तोंड वळलेलं. डावीकडे, नाहीतर उजवीकडे. ठिपके वर असले की दोन्ही सांधे खाली, टेबलावर... नाही, तसं तर उलट होईल. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं. आणि त्याला तिचा हात आठवला. ती वाकायची, ठिपके आपल्याकडे, मागच्या बाजूला आणायची. तेव्हा सांधे पुढे यायचे, हवेत. मागे सरकताना टेबलाला लागायची ती चाकाची फक्त गोल बाजू.

प्रत्येक बार उडवण्यापूर्वी ती तिथे वाकायची, त्याच्याकडे पाठ करून.

"काय करतेस इतका वेळ?" तो ओरडायचा.

"काजळी पुसतेय."

"चाकं पुसून गोळी सरळ जाते का?"

"नाही जात. पण बरं दिसतं."

आणि त्याला आणखी एक आठवलं. तोफ नवी असताना तिने विचारलं होतं, "एग्बेर्ट, चाकं अगदी गोल आहेत ना?" त्यावर तो रागाने लाल झाला होता. मी लेथवर जन्म काढला, मला विचारतेस? त्या आठवड्यात तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दगडखाणीत धुकं उशिरा उठलं. क्विरिनने गोळी ठासली.

"थांब," एग्बेर्ट म्हणाला. "चाकांवरचे लाल ठिपके मागे आण. दोन्ही. दर वेळी."

"हे काय नवीन काढलंस?"

"नवीन नाही. बुर्गीचं आहे."

क्विरिन पुढे काही बोलला नाही. शेवटचा बार उडेपर्यंत बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे मोठंच म्हणायचं.

पहिला नंबर दुसऱ्याच गावाला गेला. पण कागद हातात आला तेव्हा क्विरिनने कॉफीची बशी शोधून आणली आणि भोकांवर ठेवली. एकही भोक बाहेर राहिलं नाही.

"कपाटात मी माझा बिअरचा पेलाच ठेवतो मग," तो म्हणाला. सांध्यांचं सगळं एग्बेर्टने त्याला एव्हाना सांगितलं होतं. "पुढच्या रविवारी लवकर ये. आणि त्या धावा लेथवर चढवून गोल करून घे, म्हणजे मला वाकावं लागणार नाही. कंबर धरते माझी."

"येईन," एग्बेर्ट म्हणाला. धावांबद्दल तो काही बोलला नाही.

काम एका दुपारचं होतं. त्याने ते अजून केलेलं नाही. तोफ स्वयंपाकघराच्या टेबलावरच असते, आणि जेवताना तो आता कधी या खुर्चीवर बसतो, कधी त्या. तिने सांगितलं का नाही, हे त्याला कळतं. ते त्याच्याच रागाचं उत्तर आहे. दुसरंच काहीतरी त्याला विचारायचं असतं. इतकी वर्षं ती त्याच्याकडे पाठ करून त्या चाकांपाशी वाकायची, तेव्हा ती मनातल्या मनात हसत होती, की गप्प बसायचा तिला कंटाळा आला होता?