पुजलेली फटफटी

रहिमतपुरात आमच्या शेजारी लढाईवरून परतलेला एक फौजी राहायचा. त्याच्या लेखी सगळं 'फिट' असायचं, भाकरीसुद्धा. उजवा गुडघा तेवढा कायमचा आखडलेला, त्यामुळं फटफटीला किक मारता येत नसे. तो सुखरूप आला म्हणून बायकोनं बोललेला नवस फेडायला दोघं तुळजापूरला निघाली होती, तीही फटफटीवरून. आठवडाभर तो तिला दारातच किक मारायला शिकवत होता.

निघायच्या सकाळी तिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि तिथंच अडली. पुजलेल्या गाडीला पाय कसा लावायचा?

सगळी आळी बघत होती. आळीतले म्हातारे आबा त्याला म्हणाले, "आरं, बाईमाणसाला किक मारायला कशाला लावतूस? आमी ढकलतो की."

"नगं आबा," फौजी म्हणाला. "घाटात कोण ढकलाय येनार हाय?"

तिनं गाडीला हात लावून कपाळाला नेला आणि किक मारली. गाडी गप्पच. पुन्हा नमस्कार, पुन्हा किक. लोक हसले. तो मात्र सीटवर ताठ बसून होता, जणू साहेब बघतोय. मग गाडी एकदम धडधडली.

ती मागं बसली. आबांसमोर कधी तोंड न उघडणारी ती पदर सावरत मोठ्यानं म्हणाली, "फिट हाय. चला आता!"

"हुकूम झाला, आबा!" तो साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला आणि त्यानं गाडी सोडली.