दिल्लीच्या ताब्यातली खाण

चिखल्याच्या मँगनीज खाणीवर शकुनबाई बायकांच्या टोळीत दगड निवडायची. टोळी श्यामराव ठेकेदाराची. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ढिगावरून घरंगळलेल्या दगडाखाली गिरजाबाईचा पाय चिरडला. श्यामराव म्हणाला, "तिले घरी पोचवा. बाकीच्या कामाले लागा."

शकुनबाई जागीच बसली. तिचं पाहून साऱ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर अडवलं ते मात्र तिला एकटीला.

नवरा ताराचंद त्याच खाणीत जमिनीखाली कामाला. राहती खोलीही कंपनीची. "चूप राय," तो म्हणाला, "नाहीतर मलेही काढतीन."

ती चूप राहिली नाही. भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयात गेली. समेट होईना, तेव्हा राज्य सरकारनं तिचा वाद कामगार न्यायालयाकडे पाठवला. काही वर्षं तारखांत गेली आणि निकाल लागला: बाईला कामावर परत घ्या. गिरजाबाई लंगडत येऊन तिच्या गळ्यात पडली.

श्यामराव हायकोर्टात गेला. तिथला निकाल ऐकून बाहेर आलेले तिचे वकील भैय्याजी व्हरांड्यातच थांबले.

"खाणीचा मामला दिल्लीचा, बाई. वाद कोर्टाकडे पाठवायचा हक्क केंद्राले. पाठवला राज्यानं. म्हणून निकालच रद्द."

"म्हणजे मी खोटी?"

"तुमचं खरं की खोटं, ते पाहिलंच नाही त्याहीनं."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नागपुरातल्या केंद्राच्या कचेरीत साहेबानं विचारलं, "इतकी वर्षं कुठं होता?"

"भंडाऱ्याले," ती म्हणाली.

वस्ती सोडून जाता येत नव्हतं. ताराचंदची नोकरी आणि खोली दोन्ही तिथंच. पाळीचा भोंगा झाला की हात आपसूक पदर खोचायचे. वाटेत भेटला की श्यामराव हसून विचारायचा, "काय बाई, दिल्लीची काय खबर?"

दिल्लीची खबर पंच्याऐंशी साली आली: फार उशीर झाला, वाद पाठवता येत नाही.

तोवर ताराचंदला धड श्वासही घेता येईना. महिनोन्‌महिने तो खाटेवर. खोली कधी सोडावी लागेल, नेम नव्हता. एके सकाळी शकुनबाई श्यामरावसमोर जाऊन उभी राहिली.

"जुनं काही नाही सांगाचं," तो म्हणाला. "नवीन बाई म्हणून ये."

तिनं मान डोलावली. बायकांनी सरकून जागा दिली. मग पोरगेलासा मुकादम तिच्याजवळ बसला आणि चांगला दगड कसा ओळखायचा ते समजावू लागला. शकुनबाईनं सगळं ऐकून घेतलं.