वरच्या वस्तीवर चढलेला गोवर

डॉ. वामनराव आगटे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भोरला, त्यांच्या दवाखान्याच्या ओसरीवर. पुण्याहून परिचारिकेचे शिक्षण संपवून मी आले होते. हातात दाखला होता आणि मनात बरीच ऐट होती. डॉक्टरांनी दाखला उघडलाही नाही. "बाई, तुम्हाला लहानपणी गोवर येऊन गेला आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. मला रागच आला. नोकरीवर आलेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न होता का? मी जरा फणकाऱ्यानेच सांगितले, की येऊन गेला आहे, आईने अंथरुणाभोवती कडुलिंबाचा पाला पसरला होता त्याचा वासही आठवतो. "मग उद्यापासून या," ते म्हणाले आणि आत निघून गेले. आतल्या खोलीत गोवराने पडलेली मोठी माणसे होती आणि त्यांच्याजवळ जायला माणूस मिळत नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

डॉक्टरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या मंडळींनी मला बजावले आहे, की लेख प्रसन्न असावा. प्रयत्न करते, पण जमेल असे वाटत नाही. ज्यांचा गौरव करायचा त्यांच्याच चेहऱ्यावर गेली काही वर्षे प्रसन्नता राहिलेली नाही, ती मी कुठून आणू? शिवाय डॉक्टर हा ग्रंथ नको म्हणत होते तेव्हा मंडळींनी तो त्यांचा विनय समजला. तो विनय नव्हता. तो काय होता तेच मला सांगायचे आहे.

भोरात गोवर म्हणजे पोराटोरांचा आजार. मोठ्या माणसाला झाला तर लोक हसतात. मी नवीन असताना कचेरीतले एक प्रौढ कारकून गोवर होऊन दाखल झाले. त्यांचे सोबती समाचाराला आले ते चक्क लाकडी खुळखुळा घेऊन. डॉक्टरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. "हसायचे असेल तर घरी जाऊन हसा. यांना श्वास घ्यायचा आहे," असे ते म्हणाले. पुढच्या काही दिवसांत कारकुनांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली आणि तेच सोबती अंगणात मान खाली घालून उभे राहू लागले. कारकून वाचले. डॉक्टरांनी त्यांच्या उशाशी बसून जे पाहिले त्यावरून आम्हाला शिकवले, की पुरळाकडे पाहून घाबरू नका, श्वासाकडे पाहा.

मोठे माणूस गोवर घेऊन आले, की डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसत आणि घाई न करता चौकशी करत. बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते आहे का, आधीचा खोकला किंवा क्षय आहे का, हिवतापाने किंवा उपासमारीने अंग पोखरले आहे का, आणि दुखणे घरी किती अंगावर काढले. यातले एक जरी 'हो' आले तरी त्यांचा आवाज खाली यायचा. आणखी एक गोष्ट ते पाहत, ती म्हणजे माणूस कुठून आला. भोरच्या आळ्यांतून गोवर थोड्या थोड्या वर्षांनी फिरतोच, तेव्हा सगळ्यांना तो लहानपणीच गाठतो. पण वेल्ह्याच्या वर, तोरण्यामागच्या गुराखी वस्त्यांवर तो सहसा चढत नाही. तिथे केस पिकलेल्या म्हाताऱ्यांनाही तो शिवलेला नसतो. अशी माणसे खाली आली आणि त्यांना गोवर झाला, की तो त्यांना आडवेच करतो. डॉक्टरांना या माणसांची सगळ्यात जास्त धास्ती वाटायची.

लोकांच्या रीतीभातींवर ते कधी घसरले नाहीत. गोवर म्हणजे अंगात आलेली देवी, तेव्हा घरात फोडणी द्यायची नाही, औषध तोंडात घालायचे नाही, अशी समजूत. दुसरे डॉक्टर यावरून नातेवाइकांना झापत. आमचे डॉक्टर म्हणत, "पाला खाटेला बांधा, देवीची ओटी भरा, मी आड येत नाही. फक्त आजाऱ्याला पाणी कमी पडू देऊ नका आणि औषधाला नाही म्हणू नका." मग म्हाताऱ्या स्वतःच वाटीने पाणी पाजत. माझी आई गेली तेव्हा मी गावी होते, त्या सगळ्या दिवसांत रुग्णांची भांडी डॉक्टरांनी स्वतः धुतली. हे मला त्यांनी सांगितले नाही, झाडणाऱ्या बाईने सांगितले.

आता त्या वर्षाकडे येते. महायुद्ध चालू होते, औषधांची चणचण होती, आणि खालच्या गावांतून गोवर फिरत होता. डॉक्टरांनी ठरवले, की लोक आपल्याकडे येण्याआधी आपणच त्यांच्याकडे जावे. बाजाराच्या दिवशी आम्ही वेल्ह्याला गेलो. डॉक्टर एका बैलगाडीवर उभे राहिले आणि बोलले. ते चांगले बोलत, लोक ऐकतही होते. "गोवर पोरवयात झाला तर बहुतेक निभावून जातो. मोठेपणी झाला तर घात करतो. म्हणून मोठ्या माणसांनी, त्यातही गरोदर बायांनी, गोवराच्या घरात पाऊल टाकू नये." असे त्यांचे बोलणे होते. मी शेजारीच उभी होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

ऐकणाऱ्यांत वरच्या एका वस्तीचे धोंडबा होते. वस्तीवर त्यांचा शब्द चाले. त्यांनी पहिले वाक्य उचलले आणि ते घट्ट धरून ठेवले. पुढचे शब्द बाजाराच्या गलक्यात गेले, की त्यांना ते आपल्यासाठी वाटलेच नाहीत, देव जाणे. गोवराच्या घरात पाऊल टाकायचे नाही हे खालच्यांसाठी असेल. वर गोवराचे घरच नव्हते.

पुढच्या बाजाराला ते वस्तीवरची सगळी पोरे खाली घेऊन आले. वेल्ह्यात त्यांच्या ओळखीच्या एका घरी गोवर होता. त्या घरी त्यांनी पोरांना दिवसभर बसवले, आजारी पोराच्या ताटात जेवायला लावले आणि संध्याकाळच्या आत वर नेले. पोराला वेळेवर शाळेत घालणाऱ्या बापाच्या समाधानाने ते चढ चढले असतील. पोरे फणफणली, अंगभर पुरळ उठले, आणि बहुतेक सगळी उठून खेळायलाही लागली. आणि मग ज्यांना गोवर कधीच झाला नव्हता ती वस्तीवरची मोठी माणसे एकेक करून पडू लागली.

धोंडबांची सून हौसा पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. तिला बाजेवर घालून चार माणसांनी खाली आणले, तिथून बैलगाडीत घालून भोरला. गाडी दारात थांबली तेव्हा मी आणि डॉक्टर दोघेही बाहेर आलो. तिचे ओठ निळे पडले होते. धोंडबा गाडीतून उतरले, त्यांचे स्वतःचे डोळे तापाने लाल होते, पण बोलण्यात कसलीच तक्रार नव्हती.

"डाक्टर, तुमी सांगितलं तसंच केलं," ते म्हणाले. "समद्या पोरांस्नी गोवर लावून घेतली. पोरं लई झ्याक हायेत. आता हिचं तेवढं बघा."

डॉक्टरांनी त्यांना विचारले, "मी असे सांगितले?"

"व्हय की. पोरपणी झाली तर भ्या न्हाई, आसं म्हणला व्हता की तुमी. म्या येल्ह्याच्या बाजारात ऐकलं."

डॉक्टरांनी गाडीचे चाक घट्ट धरले. मग त्यांनी हौसाला स्वतः उचलून आत नेले.

मी अनेक माणसे मरताना पाहिली आहेत, पण डॉक्टरांचे तसे झगडणे कधी पाहिले नव्हते. पुण्याला माणूस पाठवून त्यांनी न्यूमोनियावरच्या सल्फाच्या गोळ्या मिळवल्या. उशा रचून तिला बसते केले, पाळीपाळीने आम्ही तिला चमच्याने पाणी पाजले. तिची सासू खाटेला पाला बांधून देवीला विनवत होती. हौसाला बोलता येत होते तोवर ती एकच विचारत होती, "बाई, बाळ हालतंय न्हवं?" बाळ आधी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगल्या उजेडात, सगळ्यांच्या देखत ती गेली. डॉक्टरांचा हात तिच्या मनगटावर होता आणि नाडी थांबल्यावरही तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

तिच्यामागे वस्तीवरची आणखी माणसे गेली. काही आमच्या खाटांवर, काही वाटेत, काही वरच. पोरके झालेले एक पोर आपल्या काकाच्या खांद्यावर बसून खाली आले होते, ठणठणीत.

धोंडबा स्वतः बरे झाले. निघताना ते डॉक्टरांच्या पाया पडले. "तुमचं काय चुकलं न्हाई, सायेब," ते म्हणाले. "पोरं वाचली की. देवीनं मोठी मानसं नेली, तिची मर्जी." त्यांनी डॉक्टरांना शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून गेले असते, तर बरे झाले असते. ती क्षमा डॉक्टरांना पेलली नाही. धोंडबा वळणाआड गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, मी त्यांना अर्धेच सांगितले." मी म्हटले, तुम्ही पूर्ण सांगितले होते, मी ऐकले आहे. ते म्हणाले, "त्यांच्यापर्यंत अर्धेच पोचले ना? मग मी अर्धेच सांगितले."

मी या लेखात त्यांना निर्दोष ठरवणार नाही, ते त्यांना खोटे वाटेल. दोषी तर मुळीच म्हणणार नाही. कुणाचाच दोष नसताना इतकी माणसे कशी जातात, हे मला अजून उमगलेले नाही, आणि या वयात उमगेल अशी आशाही उरलेली नाही.

त्यानंतर डॉक्टर कुठल्याही सभेत बोलले नाहीत. रुग्णाला काही सांगितले, की ते त्याच्याकडून वदवून घेतात. "आता मी काय सांगितले ते तुम्ही मला सांगा." चुकले, की पुन्हा पहिल्यापासून. यात खूप वेळ जातो, शहाणीसुरती माणसे वैतागतात, गावात लोक त्यांना विक्षिप्त म्हणू लागले आहेत. त्यांना म्हणू द्या. दर उन्हाळ्यात ते कापूरहोळपर्यंत सर्व्हिस मोटारीने, पुढे मिळेल त्या गाडीने आणि मग गुडघे धरत पायी त्या वस्तीवर जातात. धोंडबा त्यांना घोंगडीवर बसवतात, दूध देतात. डॉक्टर ते पितात. खाली आल्यावर दोन-दोन दिवस ते कुणाशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी आता विचारणेही सोडून दिले आहे.

अशा माणसाचा आपण गौरव करत आहोत. हारतुरे त्यांना टोचतील हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी दीर्घायुषी व्हावे, निरोगी राहावे, असे इथे लिहायचे असते, आणि तेही त्यांना शिक्षेसारखे वाटेल. मागे एकदा ते मला म्हणाले होते, की आता पुरे झाले. म्हणून शेवटचे चार शब्द त्यांनाच उद्देशून लिहिते, मंडळींनी रागावू नये.

डॉक्टर, गोवर अडवणारे औषध अजून कुणाला सापडलेले नाही. आपल्या हाती नुसते काळजी घेणे आहे, आणि ते काय असते ते मी आपल्याजवळ राहून पाहिले आहे. तरीही आपण खूप जगावे, आपले गुडघे तो चढ चढण्याइतके धड राहावेत, अशी मी देवाजवळ प्रार्थना करते. धोंडबांनी गेल्या बाजाराला निरोप पाठवला, की डॉक्टरांनी यंदा लवकर वर यावे; तो आपल्याला सांगायचा राहिला होता. त्यांच्या धाकट्या मुलाची नवी बायको तशाच वरच्या वस्तीवरून आली आहे, गोवर तिने उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तिला दिवस गेले आहेत.