नेम ज्याचा त्यानं धरावा

गजूच्या बहिणीचा, वर्षाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत स्कूटरच्या चाकात हवा भरून घेत होतो. “प्रशांतभाऊ, दादा गेला सकाळी,” ती म्हणाली, आणि मला काही सुचायच्या आत पुढचंही सांगून मोकळी झाली, “तुमाले बोलावू नको म्हणून सांगून ठेवलं होतं त्यानं. म्हने, पश्या आला का रडन, आन त्याचं रडनं जुन्या कम्प्युटरवर नवा गेम चालवल्यावानी अडकत अडकत चालते. मेल्यावर बी मले पाहावनार नाही.” हवा भरणारा माझ्याकडे बघतच राहिला, कारण मी हसत होतो. मग अकोल्याची बस धरली, आणि मूर्तिजापूरच्या पुढे कुठेतरी रडू आलं… अडकत अडकतच आलं. गजूनं माणसाबद्दल बांधलेला वाईट अंदाज सहसा चुकत नसे.

गजू आणि मी अमरावतीला इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो. त्याच्या घरचं अकोल्याबाहेर फुलांचं वावर. वडील तो शाळेत असतानाच गेले. काकू, म्हणजे त्याची आई, बाजारात हार विकायच्या. शिकून तो अकोल्यातल्या एका दुकानात कम्प्युटर जोडायला लागला आणि संध्याकाळी इंटरनेटवर आपला कार्यक्रम करू लागला, अस्सल वऱ्हाडीत, गेमांबद्दल. त्यातही शूटर, म्हणजे बंदूक घेऊन समोरच्याला टिपायचे गेम, हा त्याचा खास प्रांत. लोक शिव्या ऐकायला यायचे आणि जाताना काहीतरी शिकून जायचे. ग्राफिक्स म्हणजे हीरोच्या गालावरची लव नव्हे, असं त्याचं म्हणणं. भिंतीला गोळी लागली तर पोपडा पडला पाहिजे, दिवा फोडला तर खोलीत अंधार झाला पाहिजे. “दिवा फुटला तरी उजेड तसाच्या तसा? मंग तो दिवा नाही बे, स्टिकर हाय.” मे महिन्यात तो कम्प्युटरची एक बाजू उघडून समोर कूलर लावायचा आणि कॅमेऱ्यात बघून म्हणायचा, “हे ग्राफिक्स कार्ड बनवनाऱ्याले एकडाव दुपारी अकोल्याच्या बसस्टँडवर उभं करा. मंग सांग म्हना किती डिग्रीले चालते.”

टीव्हीला जोडायचा कन्सोल मात्र त्याच्या लेखी गेमिंगच नव्हतं. “जो डबा उघडून पाहता येत नाही, तो तुमचा नाही. तुमीच त्याचे.” आणि खरा राग होता तो कन्सोलवरच्या आयत्या नेमावर. कन्सोलला माऊस नसतो, अंगठ्यानं दांडी हलवायची असते. अंगठ्यात तेवढी सफाई नसते, म्हणून गेम स्वतःच तुमचा नेम शत्रूकडे थोडा ओढून देतो. “पेपर तुमी लिहायचा आन उत्तर सरनं सांगायचं! कुबडी हाय ती कुबडी. नेम ज्याचा त्यानं धरावा, नाहीतर गोट्या खेळाव्या.” माझ्याकडे कन्सोल होता. मित्र असल्यामुळे दर कार्यक्रमात माझं नाव घेऊन तो हे सांगायचा.

त्याची जीभ मित्रांपुरती नव्हती. परतवाड्याच्या एका कॉलेजातल्या मुलीनं मेळघाटच्या जंगलातला एक छोटा गेम बनवला होता आणि मोठ्या आशेनं त्याला पाठवला होता. गजूनं अख्खा कार्यक्रम त्यावर केला. “वाघाले पाय चार हायेत, सावलीले सहा. आन सावली वाघाच्या आंधी चालून राहिली. बाई, वाघ सोड, तू सावलीचंच जंगल काढ.” हजारो लोक हसले. मुलीनं गेम काढून टाकला. मी म्हटलं, गजू, लेकरू आहे ते. तो म्हणाला, “मंग सावलीचे दोन पाय मी खाऊन टाकू काय?”

तीन-चार वर्षांपूर्वी त्याचा नेम चुकायला लागला. आधी त्यानं माऊसला शिव्या दिल्या. माऊस बदलला, खालची गादी बदलली, इंटरनेटवाल्याशी भांडला. ऑनलाइन खेळताना हेडफोनमधून सोबत खेळणाऱ्या अनोळखी पोरांचे आवाज येतात, त्यातलं एक म्हणालं, “अंकल, गेम अनइन्स्टॉल मारा ना.” हेच वाक्य तो जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आला होता. मग शर्टाची बटणं लागेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हात जातील, पाय जातील, गिळणं जाईल, श्वास जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. बाहेर आल्यावर गजू म्हणाला, “म्हंजे स्क्रीन चालू, कीबोर्ड बंद. कोन्या गाढवानं डिझाइन केलं बे हे?”

त्यानं आजाराची बातमी कार्यक्रमातच दिली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्या ढिगात परतवाड्याच्या त्या मुलीचं एकच वाक्य होतं : “सर, आता तुमची सावली तुमच्या पुढे चालते का?” वर्षा ते पुसायला निघाली होती. गजूनं पुसू दिलं नाही. पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. “पोरीचा नेम पाह्य,” म्हणाला. “एवढ्या गर्दीत एकटीनं बरोबर डोक्यात मारली.”

बोटं माऊस धरेनाशी झाली तेव्हा मी माझा कन्सोल अकोल्याला घेऊन गेलो. अंगठे अजून थोडे हलत होते. “कुबडी घेऊन आला काय?” तो म्हणाला, पण नाही म्हणाला नाही. वर्षानं कंट्रोलर त्याच्या मांडीवर उशीवर ठेवला. गेम सुरू झाला. समोर माणूस आला, आणि बंदुकीची खूण आपसूक त्याच्याकडे सरकून चिकटली. गजूनं दाबलं. माणूस पडला. दुसरा पडला. वर्षानं टाळ्या वाजवल्या, दारातून काकूंनीही वाजवल्या, गेम काय आहे हे ठाऊक नसताना. गजूचं तोंड मात्र मार खाल्ल्यासारखं झालं होतं. “मी नाही मारलं त्याले,” तो म्हणाला. “मी निसता बसून होतो.” मग मला आयता नेम बंद करायला लावला. त्यानंतर सगळी दुपार तो मरत राहिला. एकही गोळी लागली नाही. वर्षा रडत बाहेर गेली, मी दोनदा म्हटलं, पुरे आता. “थांब बे,” तो म्हणाला, “आता कुठं मी खेळून राहिलो.”

हे इथंच संपवलं असतं तर लोकांना आवडलं असतं. कार्यक्रम ऐकणारे कितीतरी जण अजूनही मला फोन करून हेच सांगतात, गजूभाऊ शेवटपर्यंत झुकले नाहीत. पण पुढे श्वास कमी पडायला लागला. डॉक्टरांनी तोंडावर बांधायचं यंत्र सांगितलं. छाती दमली की ते आत हवा ढकलतं. गजू साफ नाही म्हणाला. “हे बी तेच ना, आयता नेम.” वर्षा माझ्यादेखत त्याच्यावर ओरडली, “तुझ्या तत्त्वाले आई हाय काय? तुले हाय!” ती आणि काकू खोलीबाहेर गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. आवाज एव्हाना फुटका झाला होता, ओठांजवळ कान न्यावा लागायचा. मला वाटलं, काहीतरी तिखट ऐकायला मिळणार.

“पश्या… लाव ते यंत्र. मले लई भेव लागते बे.”

मी वर्षाला हाक मारली. पट्टे बांधताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. त्या यंत्रावर तो पुढचा हिवाळा आणि उन्हाळा जगला. बोलता येईना म्हणून कार्यक्रम बंद पडला, नवे गेम आले, त्यांच्या सावल्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. शेवटी छातीत कफ साठला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. ज्याची एवढी भीती होती ते मरण म्हणे झोपेत आलं. त्याला कळलंही नसेल… किंवा कळलं असेल. डोकं लख्ख होतं.

गेल्या आठवड्यात वर्षानं बोलावलं. खोली मोकळी करायची होती, कम्प्युटर कोणाला द्यावा हे मी सांगावं, असं तिचं म्हणणं. आत गेलो तर काकू त्याच्या खुर्चीत बसलेल्या. काळी-लाल, उंच पाठीची, चाकांवर फिरणारी, गेम खेळणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवतात तसली. मांडीवर सुपात झेंडू, हातात सुई-दोरा, आणि टेबलावर ओल्या फडक्यात शेवंती. अंगावर खुर्ची मोठी होत होती.

“मोठी बेस हाय बसायले,” त्या म्हणाल्या. “कंबर दुखत नाही. तो होता तवर कोनाले बसू देत नव्हता. मले बी नाही.”

वर्षा हळूच म्हणाली की खुर्चीलाही गिऱ्हाईक आलं आहे. काकूंनी मान वर केली नाही. “कम्प्युटर न्या, टीव्ही न्या. खुर्ची मी देत नाही.” मग पायानं फरशी ढकलून त्या गर्रकन वळल्या, शेवंतीची मूठ उचलली, परत वळल्या. हात सरावलेला होता. दोरा दातानं तोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“उभा काहून हाय बाबू? खाली बस ना.”

मी खाली फरशीवर बसलो.