पिवळ्या कव्हरची रेकॉर्ड

प्रल्हादची ती रेकॉर्ड मी खराब केली होती. त्याच्या बायकोने नाही.

हे वाक्य दुपारपासून चार वेळा लिहिलं आणि चार वेळा डिलीट केलं.  भीतीने.

प्रल्हाद मागच्या आठवड्यात गेला. आज हुडकेश्वरला त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिथे एक गोष्ट ऐकली, म्हणून लिहितो आहे.

या ग्रुपवर तुम्ही सगळे त्याला ओळखता. दर रविवारी एका रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो टाकायचा. खाली एकच ओळ.

"सध्या हे ऐकून राहिलो. तुमचं काय?"

मग आम्ही जॅझवाले म्हातारे आपापले फोटो टाकायचो.

ही रीत फेसबुकची नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीची, त्याच्या रेल्वे क्वार्टरमधली आहे.

रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथे जमायचो. ज्याने त्याने सध्या ऐकत असलेली रेकॉर्ड आणायची, तिची एक बाजू वाजवायची, आणि जाताना दुसऱ्याची आठवडाभर घरी न्यायची.

नियम एकच. रेकॉर्ड खराब केली की गडी बाद.

मी सातवी पास. सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. बाकीचे तिघं शिकलेले, नोकरीवाले. माझ्याकडे स्वतःची एकही रेकॉर्ड नव्हती. दुरुस्तीला आलेल्या प्लेअरवर 'टेस्टिंग' म्हणून या तिघांकडून नेलेल्याच लावायचो.

तरी प्रल्हाद आधी मला विचारायचा. "रामदास, तू सांग गा. तुले काय ऐकू आलं?"

असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकायच्या. पिवळ्या कव्हरची, सॅक्सोफोनवाली लागली की कणकेच्या हातानेच परातीवर ठेका धरायच्या.

"भाऊजी, हा वाजवणारा रडून राहिला का हासून राहिला?"

 

तीच पिवळी मी एका आठवड्यात घरी नेली होती. मे महिना. शनिवारी भर दुपारी परत करायला निघालो. सायकलच्या कॅरिअरला बांधली. व्हरायटी चौकात उसाचा रस प्यायला थांबलो. ओळखीचा एक जण भेटला. बोलत बसलो.

मी सावलीत. रेकॉर्ड उन्हात.

परत आलो तर कव्हर तव्यासारखं. तबकडी काढून पाहिली. तळलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती.

 गडी बाद. आता रविवार संपला.

क्वार्टरवर गेलो. प्रल्हाद ड्यूटीवर होता. वहिनी भांडी घासत होत्या, हात राखेने भरलेले.

"ठेवा न भाऊजी, कुठंबी."

बाहेर त्यांच्या कुरड्या वाळत होत्या. चिमण्यांवर लक्ष ठेवायला त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारला होता. खिडकीजवळच्या स्टुलावर ऊन पडलं होतं.

सावलीतलं टेबल रिकामं होतं. मी ते पाहिलं होतं.

रेकॉर्ड स्टुलावर ठेवली. पाणीही न पिता निघालो.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादने ती सगळ्यांसमोर लावली. सुई वर-खाली झुलायला लागली. आमच्यातले ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "अबे, हा तर झोपाळ्यावर बसून वाजवून राहिला!"

सगळे हसले. प्रल्हाद हसला नाही. कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला.

"स्टुलावर उन्हात ठेवली हिनं! अडाणी बाई. इले काय समजते!"

दारातून आवाज आला. "चुकलं जी माझं. पडदा मीच सारला होता."

स्टुलावर कोणी ठेवली, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अडाणी. तो शब्द माझ्या वाट्याचा होता. मी खाली मान घालून पोहे खात राहिलो.

त्यांच्याच हातचे.

त्या रविवारपासून वहिनी पोहे द्यायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. परातीवरचा ठेका पुन्हा कधी ऐकला नाही.

दर रविवारी ठरवायचो, आज सांगतो. आधी भीती की मंडळातून काढतील. नंतर भीती की 'इतके दिवस काहून लपवलं?' म्हणून विचारतील. मग मुलं झाली, नातवंडं झाली, प्रल्हादने हुडकेश्वरला घर बांधलं. भीती तेवढीच राहिली.

आज जेवणं चालू होती. नात प्राचीने विचारलं, "आजी, आबांची कोणती रेकॉर्ड लावू?"

वहिनी म्हणाल्या, "मले नको विचारू वं बाई. मी त्याले हात नाही लावत. माझ्या हातानं एक खराब झाली होती."

पन्नास वर्षं.

माझ्या हातात ताट होतं. आजही मी खाली मान घालून जेवत राहिलो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. उद्या मलाही काही झालं तर त्या हेच खरं समजून जातील. मरणापेक्षा मला याची भीती वाटते.

प्राची, बेटा, तू मला इथे वाचतेस. हे आजीला वाचून दाखव. मोठ्याने. मधलं काही गाळू नको.

वहिनी, रेकॉर्ड तुमच्या घरी येण्याआधीच वाकली होती. खिडकीचा दोष नव्हता, पडद्याचा नव्हता. तुमचा तर नव्हताच.

प्रल्हाद, तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. तू गेल्यावर चारचौघांत सांगतो आहे. भित्रा माणूस याच्यापुढे जात नाही. मित्रा, तुला शेवटचा जय भीम.

वहिनी, रविवारी सकाळी येतो. पिवळी अजून तुमच्या कपाटात आहे, आज पाहिली. तुम्ही म्हणाल तर लावू, झुलते तशी.

दार लोटलेलं असलं तर मी समजून जाईन.