मुडपलेलं टोक

पुंजाजी लाइनमनला माणसांचा राग फारसा येत नसे, पण माणसांचं बरं झालेलं त्याला सोसत नसे. शेजाऱ्याच्या गायीला गोऱ्हा झाला, तरी त्या दिवशी याला भाकर गोड लागायची नाही. आता एवढ्यावरून त्याला वाईट म्हणू नका. कामाला तो चोख होता, दारूच्या वाटेला कधी गेला नव्हता, मैनावर म्हणजे बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता. फक्त आपल्या ताटाआधी त्याला दुसऱ्याचं ताट दिसायचं. आणि एकोणीसशे एकसष्टच्या साली ते दुसरं ताट रहमतुल्लाचं होतं.

दोघेही टेलिफोनच्या तारेवर. अमरावतीपासून मोर्शीपर्यंतची तार पुंजाजीकडे, मोर्शीच्या पुढची वरूडवरून शेंदूरजनाघाटापर्यंतची रहमतुल्लाकडे. सायकल, कमरेला पट्टा आणि खांद्याला चामड्याची पेटी, हा दोघांचा संसार सारखाच. पेटीत हँडल फिरवायचा लहानसा फोन असे. खांबावर चढायचं, दोन तारांना दोन चिमटे लावायचे, हँडल फिरवायचं आणि लांबच्या गावात बसलेल्या माणसाला विचारायचं, "साफ ऐकू येते का?" तिकडून "साफ हाय" आलं, की इथपासून तिथपर्यंतची तार चांगली. खरखर आली, की बिघाड याच तुकड्यात. लाइनमन सगळे खांब चढत नाही. अर्ध्या वाटेवरच्या खांबावर चढून विचारतो, मग उरलेल्या वाटेच्या अर्ध्यात. चार-पाचदा विचारलं, की बिघाड हाताशी येतो. मात्र पलीकडचा माणूस खरं बोलला पाहिजे. तो खोटं बोलला, तर पेटी आणि तार दोन्ही फुकट.

रहमतुल्लाला हे सगळं शिकवलं होतं पुंजाजीनंच. आठ वर्षांपूर्वी तो अकोल्याहून आला, तेव्हा अत्तर लावून खांबावर चढणारा पोरगा होता. पुंजाजीनं त्याला तुटलेली तार जोडायला शिकवलं. दोन्ही टोकं खरवडून चकचकीत करायची, वरून बारीक तार गच्च गुंडाळायची, कथलाचा झाळ द्यायचा. शेवटी पुंजाजी आणखी एक गोष्ट करी, जी साऱ्या जिल्ह्यात दुसरं कोणी करत नव्हतं. गुंडाळलेल्या तारेचं बाहेर आलेलं टोक तो पक्कडीनं आत मुडपून टाकी.

"हे कशाले, उस्ताद?" रहमतुल्लानं तेव्हा विचारलं होतं. "एवढ्या वर कोन पायते?"

"मागून चढनाऱ्याचा हात फाटू नये म्हून," पुंजाजी म्हणाला होता.

रहमतुल्ला हसला होता. त्यानं स्वतः कधी टोक मुडपलं नाही. तेवढ्या वेळात एक खांब आणखी होतो, असं त्याचं म्हणणं. पण तेव्हापासून तो पुंजाजीला उस्ताद म्हणू लागला, तो चारचौघांतही.

पुढे पोरगा पुंजाजीच्या डोळ्यांत खुपू लागला. त्याची तार बिघडतच नसे, आणि बिघडली तर दुपारच्या जेवणाआधी सुरू होई. संत्र्याचे व्यापारी त्याला बसायला खुर्ची देत, चहा पाजत, जाताना सायकलच्या पिशवीत संत्री कोंबत. पुंजाजीच्या वाटेवरही माणसं होतीच, पण त्याला कोणी हाक मारून थांबवत नसे. इन्स्पेक्टर खुशालराव म्हणत, "रहमतुल्ला खांबाले कान लावते अन् बिघाड सांगते." हे ऐकलं, की पुंजाजीच्या पोटात आग पडे. कान लावायला कोणी शिकवलं, हे काही खुशालराव विचारत नसत. दिवाळीच्या फराळाला रहमतुल्ला घरी येऊन हसून-खेळून गेला, आणि मैना भांडी उचलता उचलता सहज म्हणाली, "किती चांगला मानूस हाय जी. साऱ्याईले हासवते." पुंजाजी त्या रात्री तिच्याशी बोलला नाही. त्याला तर रहमतुल्लाचं ते उस्ताद म्हणणंही टोमण्यासारखं वाटू लागलं होतं.

त्या पावसाळ्यात पुंजाजीचा उजवा गुडघा गेला. खांबावर चढताना डोळ्यांत पाणी येई. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी दोन वर्षं असंच चढलास तर काठी घेऊन चालशील. नेमकी त्याच वेळी अमरावतीच्या एक्स्चेंजात टेस्टिंगच्या टेबलावर जागा निघाली. खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि काम काय, तर रोज सकाळी आठ वाजता सगळ्या तारांवर बोलून पाहायचं, साफ ऐकू येते का. पुंजाजीच्या गुडघ्यासाठीच ती जागा निघाली म्हणा ना. पण खुशालरावांनी वर दोन नावं पाठवली. रहमतुल्लालाही अमरावती हवी होती. त्याची म्हातारी आई तिथं एकटी राहत होती. खुशालरावांनी दोघांना उभं करून सांगितलं, "पोळ्यापासून दिवाळीपावतो ज्याच्या तारेच्या तक्रारी कमी, त्याची खुर्ची."

निकाल तिथंच लागल्यासारखा होता. पुंजाजीची तार जुनी, वाटेत चिंचेची झाडं, माकडांच्या टोळ्या. तो घरी आला आणि गुडघ्याला तेल चोळत बसला. आपण याला हात धरून शिकवावं आणि यानं आपल्याच खुर्चीवर बसावं, या विचारानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारीला भेटायला जाईल सायकलनं, त्यात काय, असंही तो मनाशी म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी साऱ्या पंचक्रोशीतली माणसं आपापल्या गावी बैल सजवण्यात गुंतलेली असतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पुंजाजी मोर्शीच्या पुढे सायकल हाणत गेला. रहमतुल्लाच्या हद्दीत, एका नाल्यापलीकडच्या खांबावर चढला. गुडघ्यानं जीव नकोसा केला, पण चढला. खांबाजवळच रहमतुल्लाचा एक जोड होता, सुबक आणि घट्ट. तो पाहूनही त्याचा जळफळाट झाला. त्यानं तो सोडवला, टोकं खरवडली नाहीत, उलट पिशवीतून आणलेली गंजकी तार वरून सैलसर गुंडाळली, झाळ दिलाच नाही. असा जोड मोठा लबाड. सकाळी गारव्यात तो गुपचूप बसतो. ऊन तापलं, वारा सुटला, की तार हलते आणि फोनमध्ये खरखर सुरू होते. काम संपवून पुंजाजी उतरला. घरी पोचला तेव्हा मैनानं पुरण वाढलं. तो पोटभर जेवला.

महिनाभर काहीच झालं नाही. मग पाऊस सरला, आश्विनाचं ऊन तापलं आणि जोड बोलू लागला. नेमके संत्र्याचे सौदे सुरू झालेले. सकाळी आठच्या टेस्टिंगला तार साफ, आणि दुपारी व्यापाऱ्यानं नागपूरचा भाव विचारला, की कानात नुसती खरखर. तक्रारीवर तक्रार. रहमतुल्ला चढायचा, विचारायचा, तोवर वारा पडायचा आणि तार पुन्हा शहाण्यासारखी बोलायची. खांबावर चढताना शीळ घालायची त्याची सवय सुटली. ज्या व्यापाऱ्यांनी खुर्च्या दिल्या, तेच आता दुकानातून ओरडत, "काहून रे, झोपला होता का?" पुंजाजीला हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

पण खुशालराव एक दिवस म्हणाले, "पुंजाजी, मोर्शीत जाऊन बस. तिथला नत्थुजी कानानं जड हाय. रहमतुल्ला खांबावरून विचारीन, तू सांगजो." आता आली का पंचाईत. पुंजाजी मोर्शीच्या पोस्टात नत्थुजीच्या स्टुलावर बसला. नत्थुजी म्हणजे तिथला फोनवाला, अर्धा बहिरा, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागणारा. तो बाजूला बसून सुपारी कातरत राहिला.

दुपारी घंटी वाजली. रहमतुल्ला वरूडच्या अर्ध्या वाटेवर खांबाच्या टोकाला होता. म्हणजे तो जोड दोघांच्या मधे. पुंजाजीच्या कानात अशी खरखर उठली, जणू कोणी मूठभर वाळू पत्र्यावर ओतत आहे.

"उस्ताद!" त्या खरखरीतून आवाज आला. "अठी वारा लय हाय, मले काई समजून नाई राह्यलं. तुमाले साफ ऐकू येते का?"

पुंजाजीनं कानाचा फोन घट्ट धरला. खरं सांगितलं असतं, तर रहमतुल्ला मागे वळला असता आणि संध्याकाळपर्यंत नाल्यावर पोचला असता.

"साफ हाय," पुंजाजी म्हणाला.

"नक्की ना, उस्ताद?"

"आता किती डाव सांगू? साफ हाय!"

उस्तादाच्या शब्दावर रहमतुल्ला पुढे गेला. वरूडकडचे खांब चढला, मग शेंदूरजनाघाटाकडचे. तेरा दिवस तो चांगल्या तारेत बिघाड शोधत राहिला. त्याला ताप आला, तापातही चढला. दिवाळी आली, खुशालरावांनी तक्रारी पाहिल्या आणि खुर्ची पुंजाजीला मिळाली. मैनानं शेजारी पेढे वाटले.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी रहमतुल्ला एक्स्चेंजात आला. पुंजाजी पंख्याखाली बसला होता. रहमतुल्ला वाळला होता, डोळे आत गेले होते. त्यानं खिशातून वीतभर तारेचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. मधे गंजका, सैल जोड.

"शेवटी मोर्शीपासून एक-एक खांब चढलो," तो म्हणाला. "नाल्याच्या पलीकडे भेटला."

पुंजाजीला वाटलं, याला कसं कळणार? गंजक्या तारेवर कोणाचं नाव थोडंच असतं? त्यानं तुकडा हातात घेतला, आणि मग त्याला दिसलं. जोड खोटा होता, सैल होता, पण गुंडाळलेल्या तारेचं टोक पक्कडीनं व्यवस्थित आत मुडपलेलं होतं. पोळ्याच्या दिवशी, जळत्या गुडघ्यानं, जळत्या मनानं तो खांबाला लटकला होता, आणि हातानं आपली सवय सोडली नव्हती. त्याला स्वतःला ते आठवतही नव्हतं.

रहमतुल्लानं आपला तळवा त्याच्यापुढे धरला. "हात नाई फाटला," तो म्हणाला.

पुंजाजीनं तुकडा टेबलावर ठेवला. त्यानं विचारलं, "साहेबाले सांगतलं का?"

"सांगतलं. तार जुनी होती, म्हटलं. ज्यानं मले जोड शिकवला, त्याचं नाव मी कसं घेऊ?" तो जायला वळला आणि दारात म्हणाला, "येतो, बाबू."

बाबू. आठ वर्षांत पहिल्यांदा उस्ताद नाही.

पुंजाजीनं त्या खुर्चीत नऊ वर्षं काढली. गुडघा बरा झाला, पगार वाढला, मैनाच्या गळ्यात एकदाणी आली. रहमतुल्लाची म्हातारी दुसऱ्या वर्षी गेली. तो शेंदूरजनाघाटाहून पोचेपर्यंत लोक वाट पाहत बसले होते. पुंजाजीही मातीला गेला होता, पण मागेच उभा राहिला. तारेचा तुकडा टेबलाच्या खणात होता. फेकायला त्याचा हात झाला नाही.

रोज सकाळी आठ वाजता तो शेंदूरजनाघाटाची तार लावी. रहमतुल्ला त्या वेळी कुठल्या तरी खांबावर नाहीतर पोस्टात पेटी लावून तयार असे.

"साफ ऐकू येते का?" रहमतुल्ला विचारी.

"साफ हाय," पुंजाजी सांगे. आता तो अगदी कान देऊन ऐके, आणि जरा जरी खरखर असली तरी तसं सांगे. नऊ वर्षांत त्यानं एकदाही खोटं सांगितलं नाही.

"बरं, बाबू," एवढंच तिकडून येई. पण रहमतुल्ला फोन ठेवत नसे. तार तीच, पुंजाजीच्या कानाला फोन तसाच असे आणि त्याला सगळं ऐकू येई. पुन्हा हँडल फिरे, मोर्शीची घंटी वाजे आणि रहमतुल्ला ओरडून विचारी, "नत्थुजी! तुमाले साफ ऐकू येते का?"

"आं?" नत्थुजी म्हणे.

"साफ, साफ! ऐकू येते का?"

"हो हो, साफ हाय, साफ हाय!"

मग रहमतुल्ला हसे, त्या आठ वर्षांतलं जुनं हसू, आणि म्हणे, "बस, मंग झालं. तुमी म्हनता तर साफच असन." आणि तेवढ्यावर तो आपल्या चोपडीत टेस्टिंग झाल्याची खूण करी.

पुंजाजीनं आयुष्यभर पुष्कळांचा हेवा केला होता. गायीचा केला, खुर्चीचा केला, संत्र्यांचा केला. पण रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी त्या सुपारी कातरणाऱ्या, अर्ध्या बहिऱ्या नत्थुजीचा त्याला जेवढा हेवा वाटे, तेवढा कोणाचाच कधी वाटला नव्हता. मग तो फोन ठेवी आणि पुढच्या गावाची तार लावी.